भट्टीवरचा हात

राजूर कॉलरी, ता. वणी
१० नोव्हेंबर २०२४

चि. सुरभीस,
आबाजीचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला कारण मी काळजीत होतो, आणि ती काळजी तुला लिहावी की नाही याचीही काळजी होती. शेवटी तुझी आजी म्हणाली, "लिवून टाका एकदाचं. नाहीतर तुमी जेवान नाही अन् मलेही जेवू देणार नाही." म्हणून लिहितो.

शेजारच्या विमलताई, तुझ्या शाळेतल्या बाई, तुझे बास्केटबॉलचे सगळे सामने टीव्हीवर पाहतात. माझे कान खाणीतल्या ब्लास्टिंगने गेले; तुझ्या आजीचं बोलणं ओठांवरून कळतं, पण टीव्हीवाला काय बोलतो ते ताई मला चिठ्ठीवर लिहून दाखवतात. परवा त्यांनी लिहिलं की तुझे फ्री थ्रो लागोपाठ अठ्ठावीस पडले आहेत, एकही चुकला नाही. आणि तुमच्या लीगमध्ये आजवर कोणाचेच सेहेचाळीसच्या वर गेलेले नाहीत. मी ताईंना बजावलं की हे पोरीला कळू देऊ नका, कळलं की हात बिघडतो. तूही या आकड्याचा विचार करू नको.

दुसरी गोष्ट. बसस्टँडजवळच्या पानठेल्यावर पोरं मोबाईलमध्ये तुला पाहत होती. सगळ्या मुली डोक्यावरून चेंडू टाकतात आणि तू एकटी दोन्ही हातांनी, गुडघ्यांच्या मधून, खालून टाकतेस. त्याखाली कोणीतरी लिहिलं होतं, 'बाई विहिरीवर पाण्याले आली का?' पोरं हसत होती. मी हसलो नाही. चुना न लावताच पान खाल्लं आणि घरी आलो. आजीला सांगितलं तर म्हणते, "बाल्टी भरून येते ना? मंग हासू दे."

तिला काय, ती कशालाच भीत नाही. पण मला विचार पडला की तुझे शंकरसिंग सर काय म्हणत असतील, संघाचे मालक काय म्हणत असतील. हे खालून टाकणं मीच तुला शिकवलं. उद्या त्यावरून तुला बाहेर बसवलं तर दोष माझा.

पुण्यात थंडी पडली असेल. कानाला बांधत जा. माझ्यासारखे कान करून घेऊ नको.

तुझा,
आबाजी

---

पुणे
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय आबाजी,
तुम्हाला आणि आजीला जयभीम.

आकड्याचा विचार करू नको असं सांगायला तुम्ही आकडा लिहून पाठवलात! मला खरंच माहीत नव्हतं. आता रोज मोजते आहे. काल तेहतीस झाले.

तुमची काळजी मात्र खोटी नाही. मालकांचा सरांना फोन आला होता: आपली जर्सी घालून ही मुलगी हसं करून घेते, तिला सगळ्यांसारखं टाकायला शिकवा. सरांनी मला बोलावलं आणि विचारलं, हे तुला शिकवलं कोणी? मी सांगितलं, माझ्या आबाजींनी. ते राजूरच्या खाणीत होते, तिथल्या क्लबात त्यांनी एका मासिकात वाचलं होतं की एका सामन्यात एकट्याने शंभर गुण करणारा अमेरिकेचा तो उंच खेळाडू फ्री थ्रो असाच खालून टाकायचा. सर म्हणाले, "जोवर पडतात तोवर टाक. एक चुकला, की मालकांपुढे माझं तोंड बंद होईल. मग वरून टाकावं लागेल, नाहीतर बाकावर बसावं लागेल."

तर आता असं आहे, आबाजी. मला सत्तेचाळीस करायचे आहेत, आणि ते खालूनच करायचे आहेत. माझी उंची पाच फूट दोन इंच. या लीगमध्ये माझ्या उंचीची दुसरी मुलगी नाही. त्या रेषेवर उभी राहिले की मला कोणी अडवू शकत नाही, आणि तेवढी एकच जागा अशी आहे जिथे मी कोणाहून बुटकी नसते.

एक आनंदाची गोष्ट. नागपूरच्या अर्पिता नावाच्या पत्रकार आहेत, त्यांना माझ्यावर लिहायचं आहे. मी त्यांना तुमच्या मासिकाबद्दल सांगितलं. महिनाभरात त्या राजूरला येतील. हातात मासिक धरून तुमचा फोटो काढायचा आहे. पेटीतून काढून ठेवा.

तुमची,
सुरभी

---

राजूर कॉलरी
२३ नोव्हेंबर २०२४

चि. सुरभीस,
आशीर्वाद.

मासिक नाही. वाळवीने खाल्लं. पेटी उघडली तर नुसता भुगा. त्या बाईंना कळवून टाक की येऊ नका. वणीपासूनचा रस्ता खराब आहे, कोळशाच्या गाड्यांची धूळ फार आहे, त्यांचा कॅमेरा बिघडेल. आणि मलाही बरं नाही. (तू काळजी करू नको, मी बरा आहे.)

मी रात्रंदिवस विचार केला. पोरी, तू आता वरून टाक. सर म्हणतात ते ऐक, मालक म्हणतात ते ऐक. चार लोक जसं करतात तसं केलं की कोणी बोट दाखवत नाही. मी तीस वर्षं तसंच केलं म्हणून खाणीतून सुखरूप निवृत्त झालो. अमेरिकेचं अमेरिकेत राहू दे. मासिकाचं नाव आता कुठेही काढू नको, कोणी विचारलं तरी नाही.

तुझी आजी विचारत होती पोरीला काय लिहिलं. मी सांगितलं, तब्येतीचं लिहिलं.

हे पत्र मिळताच वरून टाकायला सुरुवात कर. माझी शपथ आहे.

आबाजी

---

पुणे
२ डिसेंबर २०२४

आबाजी,

तुमचं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग अक्षर तुमचंच आहे का ते पाहिलं.

सगळे हसत होते तेव्हा मला एकच आधार होता, की आबाजींना माहीत आहे. तुम्हीच शपथ घातलीत, तर सरांशी काय भांडू? सरांना सांगितलं, ते म्हणाले ठीक. चार दिवसांपासून वरून टाकते आहे. सरावात बरे पडतात.

आकडा अडतीस आहे. उद्या सामना आहे.

आजीला नमस्कार.
सुरभी

---

राजूर कॉलरी
१२ डिसेंबर २०२४

चि. सुरभी,

मी ताईंच्या घरी होतो. तू रेषेवर उभी राहिलीस, चेंडू डोक्याच्या वर नेलास, आणि मला दिसलं की तुझे हात तुझे नाहीत. चेंडू लोखंडाला लागून बाजूला पडला. ताईंनी चिठ्ठी लिहिली नाही. गरज नव्हती. त्यानंतरचे दोन सामने तू बाकावर होतीस. तेही पाहिलं.

आता मी जे लिहितो ते वाचून तुला माझ्या तोंडाकडे पाहवणार नाही. पण पोटात ठेवलं तर मी मरेन.

मासिक वाळवीने खाल्लं नाही. मासिक असं नव्हतंच. क्लबात एक इंग्रजी मासिक पडलं होतं, त्यात एका उंच, काळ्या माणसाचा फोटो होता, हातात कागद, कागदावर १००. क्लार्कने सांगितलं की याने एका सामन्यात शंभर केले. एवढंच. मी सातवीपर्यंत शिकलेला, इंग्रजी मला कुठलं वाचता येतं? तो चेंडू कसा टाकत होता हे मला ठाऊक नव्हतं. ती थाप होती.

खरं असं आहे. खाणीत लागायच्या आधी मी इथल्या चुनाभट्टीवर होतो, आणि तुझी आजीही. भट्टी भरायची तेव्हा खालचा माणूस दगड दोन्ही हातांनी गुडघ्यांमधून झोका देऊन वर फेकायचा आणि वरचा झेलायचा. बाकीच्यांचे दगड हातावर आदळायचे, बोटं फुटायची. तुझ्या आजीचा, धनीचा, दगड मात्र वर यायचा आणि छातीसमोर क्षणभर थांबायचा. थांबतो तेव्हा त्याला वजन नसतं. तेव्हा नुसता हात पुढे करायचा. दिवसभर झेलला तरी तळहात लाल होत नसे. वर झेलणाऱ्यांत भांडणं व्हायची की धनीबाईच्या समोर कोण उभा राहणार.

तू आठ वर्षांची होतीस, कॉलरीच्या मैदानावर चेंडू तुझ्याकडून रिंगपर्यंत जात नव्हता. तू रडत होतीस. मी म्हटलं, आजी दगड टाकायची तसा टाकून पाहू. तुला नाव न सांगता तेच शिकवलं. पहिल्याच दिवशी तीन पडले. तर तिथले पीटी मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "काय डोमाजी, नातीले भट्टीवर पाठवता का?" सगळे हसले. मी तेव्हा कंपनीचा माणूस होतो, क्वार्टरमध्ये राहत होतो. भट्टीवरचा म्हणवून घ्यायची मला लाज वाटली. तोंडातून निघून गेलं, "हे भट्टीवरचं नाही मास्तर, अमेरिकेचं आहे. तो शंभरवाला असाच टाकत होता." मास्तर दुसऱ्या पोरांकडे वळले. मग ते खोटं मी तुलाही सांगितलं आणि चौदा वर्षं सांगत राहिलो.

तुझ्या आजीने ते ऐकलं होतं. ती तेव्हाही काही बोलली नाही, आजवर बोलली नाही.

पत्रकार बाई आल्या की हे उघडं पडेल, जग तुला खोटारड्याची नात म्हणेल, म्हणून मी तुला वरून टाकायला लावलं. तुझा विक्रम मी घालवला. लोकांच्या हसण्याने नाही, माझ्या भीतीने.

काल तुझ्या आजीला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "पोरीले लिवा. अन् तिले सांगा, कंबर नरम ठेवाव." आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

माफी मागायला तोंड नाही.
डोमाजी

---

पुणे
१९ डिसेंबर २०२४

प्रिय आबाजी,

खाली बसून वाचा.

तुम्ही थाप मारलीत आणि ती खरी निघाली.

त्या माणसाचं नाव विल्ट चेंबरलेन. २ मार्च १९६२ ला अमेरिकेतल्या हर्शी नावाच्या एका लहान गावात त्याने शंभर गुण केले. सामना पाहायला चार हजारांच्या आसपास माणसं होती, आणि त्या सामन्याचं चित्रीकरण कुठेही नाही. तो कागदाचा फोटो मात्र आहे, तुम्ही पाहिलात तोच. त्या दिवशी त्याने बत्तीस फ्री थ्रो टाकले, अठ्ठावीस पडले. आणि ते त्याने खालून टाकले होते! हॉस्टेलवर असतानाच मी हे शोधून वाचलं होतं. मला वाटलं तुम्हाला ठाऊकच आहे, तुम्हीच तर सांगितलंत. म्हणून कधी बोलले नाही.

पुढचं ऐका. एवढं करून त्याने खालून टाकणं सोडून दिलं. लोक काय म्हणतील म्हणून. पुढे त्याने स्वतःच कबूल केलं की लाज वाटायची. वरून टाकायला लागल्यावर एका वर्षी तर त्याचे दहातले चारही धड पडत नव्हते. आणि रिक बॅरी नावाचा दुसरा एक होता, त्याने हसणाऱ्यांना हसू दिलं, जन्मभर खालूनच टाकले आणि त्याचे दहातले नऊ पडले. शंभर करणाराही लाजेपुढे हरला, आबाजी. तुम्ही हरलात त्यात नवल काय.

पण मी रागावले आहे. थापेबद्दल नाही. हे आजीचं आहे, ते चौदा वर्षं मी दुसऱ्याच्या नावाने सांगत फिरले, त्याबद्दल. आजी मैदानाच्या कडेला बसून माझा सराव पाहायची आणि म्हणायची, "थोडं अजून वाक." मला वाटायचं म्हातारी उगीच बोलते!

आता सरांचं. मी तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. ते हसले, मग डोळे पुसले, मग मालकांना फोन लावला. म्हणाले, "साहेब, चुकला तो वरून टाकलेला होता. खालून टाकलेला या मुलीचा एकही चुकलेला नाही. आता तुम्हीच सांगा काय करायचं." मालक एवढंच म्हणाले, टाकू दे.

मी परत खालून टाकते आहे. आकडा शून्य आहे. बरं वाटतं आहे.

अर्पिता मॅडमना येऊ नका असं मी कळवलेलं नाही. त्या येतील. काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी शपथ घालणार नाही.

तुमची,
सुरभी

---

राजूर कॉलरी
४ जानेवारी २०२५

चि. सुरभीस,
आशीर्वाद.

त्या येऊन गेल्या. मी सकाळपासून तीनदा दाढी केली, एका ठिकाणी कापलं. त्यांनी कागदावर लिहून विचारलं, 'मासिक कुठे आहे?' मी म्हटलं, "मासिक नाही, बाई. बायको आहे."

मग सगळं सांगितलं. पीटी मास्तरांचंही. 

त्यांना भट्टी पाहायची होती. आपली जुनी भट्टी आता बंद आहे, वर गवत उगवलं आहे. तिथे फोटो काढले. पण फेकायचं कसं हे त्यांना दिसत नव्हतं. तर विमलताईंच्या घरावर वरच्या खोलीचं काम सुरू आहे, वर मिस्त्री होता. तुझी आजी सरळ विटांच्या ढिगाकडे गेली. मी ओरडलो, "अवं, तुहे गुडघे पाह्य!" तिने पदर खोचला, दोन विटा एकावर एक धरल्या आणि झोका दिला. पहिल्यांदा हातभर कमी पडल्या. ती म्हणाली, "हात आठवून राह्यला." दुसऱ्यांदा दोन्ही विटा जोडीने वर गेल्या आणि मिस्त्रीच्या छातीसमोर थांबल्या. त्याने नुसत्या उचलून घेतल्या. जशा कोणी ताटात वाढाव्या.

मिस्त्री वरून म्हणाला (ताईंनी मला लिहून दाखवलं), "आजी, उद्यापासून कामाले येता का?"

"तुले झेलणं येते का तेच पाहाले आलती," आजी म्हणाली. "जमते तुले."

अर्पिताबाईंनी ते सगळं कॅमेऱ्यात घेतलं. मी बाजूला उभा होतो. सुरभी, मला किती वर्षांनी असं वाटलं सांगू, की या बाईचा नवरा मी आहे हे सगळ्यांना माहीत असावं.

रात्री मात्र काळजी लागली की तिचे गुडघे सुजतील. सुजले. तेल लावतो आहे.

तुझा,
आबाजी

---

पुणे
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय आबाजी,

आजीचा व्हिडिओ आमच्या सगळ्या संघाने पाहिला. सरांनी तो सरावाच्या आधी भिंतीवर मोठा करून लावला आणि मुलींना म्हणाले, कंबर पाहा, हात नाही. विहिरीवर आली म्हणून लिहिणारे आता वीट कशी टाकायची ते विचारतात. मालकांनी सरांना सांगितलं की आमचा कधी विरोध नव्हताच!

शनिवारी, २२ तारखेला, आमचा सामना नागपूरला आहे. सोबत तीन पास पाठवते. तुम्ही, आजी आणि विमलताई. वणीहून सकाळची गाडी धरा.

आकडा मी लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. नागपूरला तो होऊ शकतो, नाहीही. मला रोज वाटतं की आपण एकदा घालवलेली वस्तू दुसऱ्यांदा मागतो आहोत. पण मागते आहे.

आजीला सांगा, मी वाकते आहे.

सुरभी

---

राजूर कॉलरी
२५ फेब्रुवारी २०२५

चि. सुरभीस,
अनेक आशीर्वाद.

तू तिथे होतीस, पण तुझी पाठ आमच्याकडे होती. म्हणून तुला जे दिसलं नाही ते लिहितो.

मला ऐकू येत नाही, त्यामुळे गर्दीची शांतता मला कानाने कळत नाही. पण तू शेवटच्या डावात रेषेवर आलीस तेव्हा सगळी माणसं हलायची थांबली. एका माणसाच्या तोंडाशी समोसा होता, तो तिथेच राहिला. विमलताईंनी चिठ्ठी पुढे केली: '४५ झाले. दोन मिळालेत.' मी डोळे मिटून घेतले. तुझ्या आजीने मांडीला असा चिमटा काढला की उघडले.

तू वाकलीस. चेंडू गुडघ्यांमधून आला आणि वर गेला. पडला. बरोबरी झाली. तू चेंडू परत घेतलास, दोनदा आपटलास. आजी पुटपुटत होती, तिच्या ओठांवरून मला वाचता आलं: "घाई नोको करू, माय. घाई नोको करू."

सत्तेचाळिसावा वर गेला आणि रिंगच्या वर जाऊन थांबला. मी पाहिलं. बाकीच्यांना वाटलं असेल तो सरळ पडला. तो थांबला होता. मी बारा वर्षं वर उभा राहून झेललं आहे, मला कळतं. मग तो जाळीतून असा उतरला की जाळी फक्त एकदा हलली.

त्यानंतर कोण काय करत होतं ते मला आठवत नाही. विमलताई बाकावर चढल्या होत्या, एवढं आठवतं. अर्पिताबाई माईक घेऊन आल्या आणि कागदावर लिहून विचारलं, 'मुलीला हे कोणी शिकवलं?' माईक सुरू आहे हे मला ठाऊक नव्हतं. बहिरा माणूस मोठ्यानेच बोलतो. मी ओरडलो, "हे भट्टीवरचं आहे! राजूरच्या चुनाभट्टीवरचं! हे माह्या बायकोचं आहे!"

ताई सांगतात की ते सगळ्या हॉलमध्ये घुमलं, आणि लोक उभे राहिले ते त्यानंतर. तू वळून पाहिलंस ते तेव्हाच ना?

तुझी आजी पदर तोंडाला लावून बसली होती. मला वाटलं रडते. जवळ जाऊन पाहिलं तर हसत होती. परतीच्या गाडीत वरोऱ्यापर्यंत हसत होती. मग म्हणाली, "दुसऱ्या डावातला एक आखूड होता. नशिबानं पडला. तिले लिवा."

लिहिलं.

आबाजी

---

पुणे
११ मार्च २०२५

प्रिय आबाजी आणि आजी,

ताईंनी सांगितलंच असेल. बावन्नवर थांबलं. त्रेपन्नावा रिंगवर तीनदा फिरला आणि बाहेर पडला. खालूनच टाकला होता. कोणाचा दोष नाही, माझं लक्ष एका बाजूला गेलं.

लीगच्या पुस्तकात लिहिलं गेलं: लागोपाठ बावन्न फ्री थ्रो, सुरभी, राजूर. गावाचं नाव लिहायची पद्धत नाही, सरांनी भांडून लिहवून घेतलं. सर म्हणाले, अमेरिकेतल्या पुरुषांच्या लीगमध्ये सत्त्याण्णवपर्यंत गेलेला एक जण आहे, तेव्हा अजून बरंच काम आहे.

सगळे अभिनंदन करतात आणि मी मात्र त्या त्रेपन्नाव्याचाच विचार करते. झोपताना तो रिंगवर फिरताना दिसतो. आजीला विचाराल का, तिच्या हातून कधी चुकला होता का दगड? आणि चुकला तर दुसऱ्या दिवशी हातात दगड धरवला कसा?

तुमची,
सुरभी

---

राजूर कॉलरी
१७ मार्च २०२५

चि. सुरभीस,
आबाजीचा सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आजीला मोठ्याने वाचून दाखवलं. उत्तर मलाच ठाऊक होतं, म्हणून तिच्या आधी मी सांगितलं, की इतक्या वर्षांत तिचा एकच दगड चुकला आणि तो माझ्यावर चुकला. १९७३ साल होतं. मी भट्टीवर नवा होतो, तिच्या समोर पहिल्यांदाच उभा राहिलो होतो. दगड छातीसमोर न थांबता थेट पायाच्या अंगठ्यावर पडला. नख गेलं. मी खाली बसलो. ती शिडीने वर आली, पदर फाडून बांधलं, आणि विचारलं, "कोन्या गावचे हो तुमी?" त्या उन्हाळ्यात आमचं लग्न झालं. मी आजवर सगळ्यांना सांगत आलो की धनीबाईसारखी फेकणारी दुसरी नव्हती, फक्त एकदा चुकली. म्हणून तुला लिही म्हटलं, की आजीचाही एक चुकला होता, तू मनाला लावून घेऊ नको.

तुझी आजी तूर निवडत होती. सूप खाली ठेवलं. म्हणाली, "लिवू नका तसं. पोरीले खोटं कायले सांगता?"

मी म्हटलं, "खोटं काय त्यात? अंगठा माझा आहे."

"अंगठा तुमचा आहे. दगड माहा होता," ती म्हणाली. "सकाळपासून पंचवीस दगड झेलले तुमी, एकदा खाली वाकून पाह्यलं का कोन टाकून राह्यलं ते? दगडाकडेच पाहे बुढा. मंग मी काय करू?"

मी पेन खाली ठेवलं. एक्कावन्न वर्षं, सुरभी. मी विचारलं, "म्हणजे तो चुकला नव्हता?"

तिने सूप परत मांडीवर घेतलं.

"माहा एकबी चुकला नाही," ती म्हणाली. "तसंच लिवा तिले. अन् म्हणा, तुहा एक चुकला, चुकू दे. उद्या परत एकपासून."

तसंच लिहिलं आहे.

आबाजी